पहिला पेला मिरचीचा

प्रिय बाईसाहेब,

पत्र बघून दचकू नकोस. आम्ही तिघंही ठणठणीत आहोत. जहाज नीट तरंगतंय, आईला उलटीबिलटी काही झालेली नाही, उलट तिनेच शेजारच्या केबिनमधल्या धडधाकट बाईला आल्याचा तुकडा चघळायला देऊन उभं केलं. समुद्रात शिरल्यापासून फोनला रेंज नाही, आणि असती तरी हे मला फोनवर बोलता आलं नसतं. उद्या मधल्या एका बंदरावर जहाज थांबणार आहे. आपल्या शेजारच्या दुकानातले टाइल्सवाले तिथे उतरून विमानाने घरी परततायत, त्यांच्या हाती हे पत्र देतोय. आम्ही त्यांच्यानंतर दोन-तीन दिवसांनी पोचू. आम्ही दारात उभे राहायच्या आत तुझं हे वाचून झालेलं असावं अशी माझी इच्छा आहे. ढब्बू दुपारचा झोपलाय, आई त्याच्याजवळ बसलीय, आणि मी वर डेकवर येऊन कागदावर एक चप्पल ठेवून लिहितोय, नाहीतर वारा पत्र तुझ्याआधी माशांना वाचायला देईल.

निघताना तू दारात मला एकच गोष्ट सांगितली होतीस. "त्याला आंघोळीची सवय लावून आण. माझ्याच्याने ते होणार नाही." मी नुसती मान हलवली आणि बॅग उचलली. आपली मिरची गेल्यापासून घरात ढब्बूची धड आंघोळ झालेली नाही हे मला ठाऊक होतं. समोरच्या काकू येऊन त्याला ओल्या टॉवेलने पुसून जायच्या, आणि तू तेवढा वेळ स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी असायचीस. मी उचलून शॉवरकडे नेला की पोरगं लाकडासारखं ताठ व्हायचं, मग गळा काढायचं. सगळे म्हणाले, शॉवरची भीती बसलीय. आता नळ आणि शॉवर विकणाऱ्याच्याच पोराला शॉवरची भीती, म्हणजे गिऱ्हाइकांना सांगायचीही चोरी. मी दुकानातून बारीक धारेचा आणला, मग हातात धरायचा आणला, एक तर नुसत्या तुषारांचा आणला. मी पाना घेऊन भिंतीशी खटपट करत राहायचो, कारण माझ्या हाताला तेवढंच काम येतं.

ही सहल कंपनीने डीलर लोकांना दिली तेव्हा आपण चौघं होतो, म्हणून सगळं चौघांच्या नावाने झालेलं. तुझ्या जागी आई आली, तो बदल कंपनीने करून दिला. चौथं नाव खोडायला सांगणारा फोन मात्र माझ्याच्याने झाला नाही. त्यामुळे केबिनमध्ये शिरलो तर दोन छोटे पाळणे शेजारी शेजारी, दोन्हींवर टॉवेलचे ससे करून ठेवलेले. आई केबिनवाल्याला एक पाळणा उचलायला सांगणार होती, मी म्हटलं राहू दे, कपडे ठेवायला होईल. पण कपडे काही मी त्यात ठेवले नाहीत. मग सगळ्यांना डेकवर बोलावून लाइफ जॅकेट कसं घालायचं ते शिकवलं, तेव्हा शिकवणाऱ्या बाईने माझ्या हातात लहान मुलांची दोन जॅकेटं दिली. एक ढब्बूला घातलं. दुसरं मी शिकवणी संपेपर्यंत हातात धरून उभा होतो. टाइल्सवाल्यांनी बघितलं आणि स्वतःच्या जॅकेटचा पट्टा उगाचच पुन्हा बांधायला घेतला. भला माणूस आहे, एरवी कितीही बडबड करो.

इथल्या बाथरूममध्ये आंघोळीला शॉवर सोडून दुसरं काहीच नाही. खोली एवढीशी, की मी साबणाकडे हात नेला तर कोपर दाराला लागतं. पहिल्या दिवशी मीच शर्टासकट शॉवरखाली उभा राहिलो, बाबा बघ कसा भिजला म्हणून. ढब्बूने माझ्याकडे, माझी चूक झालीय आणि मला कुणीतरी घरी न्यावं, अशा नजरेने बघितलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या डीलर मंडळींनी सल्ले दिले. कुणी म्हणालं गाणं लावा, कुणी पोहायची टोपी दिली, कुणाच्या बायकोने प्लॅस्टिकचं बदक धाडलं. आईने तर त्याच्या डोक्यावर छत्री धरली आणि मला वरून पाणी सोडायला सांगितलं. पोराने असा काही टाहो फोडला की शेजारची आलंवाली बाई धावत आली. मी अक्षरशः हात टेकले. तिसऱ्या दिवशी खारट वाऱ्याने त्याचे केस चिकट झाले, मानेवर लाल पुरळ उठलं, आणि आता पुसून भागणार नाही हे आईनेही कबूल केलं.

तेव्हा मी केबिनवाल्याकडून बर्फाची बादली मागून घेतली. स्टीलची, छोटीशी, तिच्यात कोमट पाणी भरलं. नाश्त्याच्या टेबलावरून एक प्लॅस्टिकचा पेला उचलून आणला होता. दार लावलं, शॉवरकडे बघितलंसुद्धा नाही, आणि ढब्बूला फरशीवर बसवलं. तो बसला. रडला नाही. मी पेला भरून त्याच्या खांद्यावर धरला तर त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि सगळं पाणी आपल्या शेजारच्या फरशीवर ओतलं. मला वाटलं खेळतोय. पुन्हा भरून दिला, पुन्हा तिथेच ओतला, अगदी हळू, वरून खाली, थोडं मागे, थोडं पुढे. तिसऱ्यांदा मी पेला उंच धरला तेव्हा मात्र तो वैतागला. शेजारच्या फरशीवर हात आपटून मला म्हणाला, "मिची आधी."

मी कमोडच्या झाकणावर बसलो. बाहेरून आई विचारत होती, झाली का रे आंघोळ, आणि मी होतेय म्हणून सांगत होतो. तुला हे सगळं माहीत असणार. मी आठला दुकान उघडणारा माणूस, मी यांची आंघोळ कधी बघितलीच नाही, फक्त ऐकली. मी दाराशी बूट घालत असायचो आणि आतून आधी तिची किंकाळी यायची, मग त्याचं खिदळणं. रोज ह्याच क्रमाने. ती काही मिनिटांनी मोठी, त्यात तिला दम कसा तो नाही, म्हणून पहिला तांब्या तिच्यावर आणि दुसरा त्याच्यावर असं तूच कधीतरी ठरवून टाकलं असशील. आपण सगळे शॉवरवर खापर फोडत होतो. तो आपला त्याची पाळी यायची वाट बघत होता. तिच्या अंगावर पाणी पडल्याशिवाय त्याने घ्यायचं तरी कसं? आणि तुझ्याच्याने का होणार नव्हतं तेही मला तिथे बसल्या बसल्या कळलं. तुझा हात भरलेला तांब्या घेऊन पहिल्यांदा तिच्याकडेच वळत असणार.

मग मी पेला भरला आणि त्याच्या शेजारच्या फरशीवर ओतला. त्याने नीट बघून घेतलं, आणि मान खाली घालून आपलं डोकं पुढे केलं. कुठे टाहो नाही, काही नाही. साबण लावून घेतला, कानामागे बोट घालू दिलं, शेवटचं पाणी डोक्यावरून घेताना डोळे गच्च मिटून हसला. बाहेर आणला तर आईने त्याची दृष्ट काढायचीच काय ती बाकी ठेवली. जेवणाच्या हॉलमध्ये तिने सात टेबलांना ही बातमी दिली असेल. लोक येऊन माझी पाठ थोपटत होते. काय युक्ती केली ते मी कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही.

आता जे लिहितोय ते वाचून रागावू नकोस. त्यानंतरचे दिवस मी फार सुखात होतो. सकाळी उठलो की कधी एकदा ती बादली भरतो असं मला व्हायचं. मिरचीला मी तिच्या आयुष्यात एकदाही आंघोळ घातली नव्हती, ती ह्या जहाजावर घातली. पाणी ढब्बूपुरतं नाही, दोघांपुरतं घ्यायला लागलो. तिला जरा गरम लागायचं ना, म्हणून तिच्या वाटचा पेला आधी हातावर बघून घ्यायचो. एकदा तर तिच्या जागेवर साबणाचा फेससुद्धा टाकला, आणि ढब्बू पोट धरून हसला. त्या एवढ्याशा खोलीत, कोपर दाराला घासत, माझी दोन्ही पोरं माझ्यापुढे बसलेली असायची. मला वेड लागलंय का असं मी स्वतःला विचारलं, आणि लागलं असेल तर लागू दे म्हणून सोडून दिलं. घरी आल्यावर तुलाही हे दाखवायचं मी मनात पक्कं केलं होतं. तुला दाराशी बसवायचं, पहिला पेला ओतायचा, आणि बघ म्हणायचं, ह्याला सगळं आठवतंय. तुझ्यासाठी बंदरावरून शाल घेईन म्हणत होतो, पण खरी भेट ही आणणार होतो.

आज सकाळी ती भेट माझ्या हातून गेली. नेहमीसारखाच बसवला, नेहमीसारखाच पेला भरून शेजारी ओतायला वाकलो, तर त्याने माझं मनगट धरलं आणि पेला स्वतःच्या डोक्याकडे ओढला. मला वाटलं विसरला असेल. मी म्हटलं, अरे, आधी मिरची ना? त्याने शेजारच्या फरशीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि बिस्किटांचा डबा उघडून बघितल्यावर ज्या आवाजात सांगतो ना, त्याच आवाजात म्हणाला, "मिची नाहीये." रडला नाही, घाबरला नाही. उठून उभा राहिला आणि वरच्या शॉवरकडे हात केला. मी शॉवर सुरू केला. तो त्याच्याखाली टाळ्या वाजवत नाचला. बाहेर आईने तेवढ्याच टाळ्या वाजवल्या. मी तोंड भिंतीकडे करून रडलो, पाणी चालूच होतं त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

म्हणजे काम झालं, बाईसाहेब. तू सांगितलंस तशी त्याला सवय लागली, आता शॉवरखालून बाहेर काढायला जड जाईल एवढी. पण मी हे लिहायला बसलो ते तेवढं कळवायला नाही. आपण दोघांनी ते वाक्य अजून एकमेकांना म्हटलेलं नाही. तू "ती असती तर" म्हणतेस, मी "त्या तापानंतर" म्हणतो, आणि पुढचं दोघंही गिळतो. आम्ही आल्यावर तू कधीतरी हिंमत करशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, मी दुकानात असताना एकटीच त्याला घेऊन आत जाशील. तुझा तांब्या आधी तिच्याकडे वळेल आणि तो तुझा हात ओढून तुला ते सांगेल. ते तू पहिल्यांदा तिथे, ओल्या फरशीवर, त्याच्या तोंडून ऐकू नयेस म्हणून हे पत्र आधी पाठवतोय. मला निदान पाठ फिरवायला भिंत होती, तू तर त्याच्याकडे बघत राहशील. तो म्हणाला तेव्हा मीही त्याला उत्तर दिलं. हो रे राजा, म्हटलं, नाहीये. माझ्या तोंडून ते पहिल्यांदा बाहेर पडलं. तुला ते म्हणायचं असेल तेव्हा माझी वाट बघ. मी दुकान उशिरा उघडेन.

तुझाच,
नळवाला