सुवार्तेच्या पोथीची खुंटी

डोंगरावरचा मठ, हाथोर महिना, ता. ५

चि. त्सोने हिस अ. उ. आशीर्वाद.

दुरुस्तीला येशूच्या सुवार्तेची जुनी पोथी आली आहे. ती बांधायच्या चामड्याच्या तीन वाद्यांच्या टोकांना हाडाच्या कोरीव खुंट्या होत्या, एक हरवली. प्रत्येकीवर पारवा, डोळा मोहरीएवढा. शेवटच्या पानावर कारागीर म्हणून आपल्या बाबांचं नाव! मठाधिपती म्हणतात, तिसरी हुबेहूब मिळाली तर ठीक, नाहीतर उरलेल्या दोन्ही काढून पितळी कड्या लावू. बाबा असते तर! नमुन्याला उरलेल्यांतली एक पाठवतो. तू पडलीस कंगवेवाली, जमेल का? आईस नमस्कार. माया आहेच, ती वाढव.

तुझा पाहाम

जेमे गाव, १२ हाथोर

ती. पाहामदादास सा. न.

कंगवेवालीनं चार हाडं वाया घालवली. पारव्याची कोंबडी झाली. मग तुझी खुंटी उन्हात धरली. पिसांच्या रेघा उलट्या झुकलेल्या! उजव्या हातानं तशा ओढून बघ, मनगट अवघडेल. आपल्या घरात डावखुरी फक्त आई.

विचारलं, तर म्हणाली, मसूर करपेल, बाजूला हो. मग हळूच बोलली. बाबांचे हात कापायला लागले, तेव्हापासून कोरायची तीच. आपण विहिरीवर गेलो की बसायची. बाईच्या हातचं मठाला चालेल की नाही, या धास्तीनं दोघंही गप्प राहिले. दादा, एका घरात वाढलो आपण, आणि पत्ता नाही!

आता तिला नीट दिसत नाही. अंगठ्यानं चाचपत तिनं ही खुंटी कोरली. पारवा जरा लठ्ठ झालाय. मठात सांगू नको म्हणते. तू काय ते ठरव. राग नसावा, लोभ असावा.

त्सोने

मठ, २० हाथोर

ती. आईस शि. सा. न.

नको म्हणालीस, तरी सांगितलं. मठाधिपती कितीतरी वेळ खुंटी वादीखाली खोचून बघत होते. मग त्यांनी तुझं नाव विचारलं. आई, जन्मभर आईच म्हटलं गं, क्षणभर आठवेचना. लाज वाटली. मग म्हणालो, तात्रे.

पितळ नको, असं ठरलं. शेवटच्या पानावर तुझं नाव लिहायचं आहे. बाबांचं खोडू का, असं लेखनिक विचारतो. काय सांगू?

तुझा पाहाम

जेमे, २६ हाथोर

ती. दादास सा. न.

आई सांगते तसं लिहिते. खोडू नका म्हणावं. थरथरत्या हातांनी का होईना, हाड उकळून, घासून द्यायचे तेच. माझं नाव शेजारी लिहा, खाली नको.

त्सोने