मुखपृष्ठावरचं नाव

प्रिय डॅनियल,

रागावून लिहितेय, हे आधीच सांगते. गेल्या आठवड्यात केबिन रोडला अल्पेशभाईच्या छापखान्यात गेले, तर त्यांनी मोबाइलवर तुझा निरोप दाखवला: तोंबीताईंच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून अनुवादक म्हणून माझं नाव काढा. सख्ख्या बहिणीला तू एका शब्दाने विचारलं नाहीस. "बेन, बिना नाम के छापूं क्या?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला मान वर करवेना.

अरे, मणिपूरला इतकी वर्षं मास्तरकी केलीस. संचारबंदीत तोंबीताईंनी तुला घरात ठेवून घेतलं, आपल्या ताटातलं वाढलं. त्यांच्या मुलाला उचलून नेलं, तो परत आलाच नाही. त्यावर त्या कविता लिहितात, खाली स्वतःचं नाव घालतात आणि दारात बंदूकवाले आले तरी तिथेच राहतात. त्या कविता मराठीत आणायच्या म्हणून इथे उत्तनला तू आमचं डोकं उठवलंस. मम्मी मासळी सुकवायची आणि तू तिला ओळी वाचून दाखवायचास. आता शांती नगरात फ्लॅट झाला, तर सोसायटीवाले काय म्हणतील, नोकरीचं काय होईल, म्हणून शेपूट घातलंस? मम्मी तर म्हणाली, "त्या बायेला भ्या न्हाय, आन याला हाय!"

लहानपणी बंदरावरच्या अर्ध्या होड्यांची नावं तूच रंगवायचास. चड्डीला रंग लावून घरी मार खायचास. बिननावाच्या होडीत पाय ठेवू नये, हे मला तूच ऐकवायचास ना? मग त्या बाईला एकटीला पुढे करून तू मागे कसा राहिलास? भीती मलाही वाटते रे. पण निदान मला येऊन सांगायचं होतंस.

पुस्तक छापून झालंय. त्यावर 'अनुवाद : विल्मा' असं आहे. मीच घालायला लावलं. पोलीस येवोत नाहीतर दगड, मी बघून घेईन. पण रविवारी प्रकाशनाला तोंबीताई येताहेत, आपल्याच घरी उतरणार आहेत. मी खोटी आहे, हे त्यांना उंबऱ्यातच कळेल. त्यांच्या भाषेत मला 'पाणी हवं का' एवढंही विचारता येत नाही. नाव नको लावूस, मंचावर नको बसूस. पण त्यांना पाणी विचारायला ये.

तुझीच, अजून रागावलेली
विल्मा