सहीच्या वरची कोरी जागा

देवळाली प्रवरा,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. जयमालास,
आत्याचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

फोन केला की जावईबापूच उचलतात आणि मॅडम मीटिंगमधी हायेत म्हणून ठेवून देतात, म्हणून पत्र. आपल्या भावकीतनं खासदार होऊन दिल्लीला गेलेली तू पहिली बाई, पर तुझ्याशी बोलायला आत्याला अपॉइंटमेंट लागावी व्हय गं?

काल तुझ्या घरी गेल्ते. टेबलावर तुझ्या लेटरहेडचा गठ्ठा, वर सगळं कोरं आणि खाली तुझी सही. संस्थावाले काकासाहेब तिथंच चहा पीत बसलेले. मुलींच्या वसतिगृहासाठी तू मागितलेली केंद्र सरकारची जागा त्यांना कॉलेजला पायजे, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक हाय. ते कागद माघारी घे. मला चैन न्हाई.

उत्तर पत्रानंच दे.
तुझी आत्या, चांगुणा

नवी दिल्ली,
२ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

मला सासू नाही, ती कसर तू भरून काढतेस! कुणाला दवाखान्याची शिफारस लागते, कुणाला अ‍ॅडमिशनची. मी इथे आणि लोक तिथे दारात. म्हणून निघताना पन्नास कागदांवर सह्या करून ह्यांच्या हाती दिल्या.

पण तुझं पत्र आल्यापासून माझंही कशात लक्ष नाही. ह्यांना विचारलं, तर माझ्यावर विश्वास नाही का म्हणाले. पुढे काय विचारणार? ११ तारखेला संसदेत माझा वसतिगृहाचा प्रश्न लागलाय. टीव्ही लाव.

माया असू दे.
तुझी जयमाला

नवी दिल्ली,
१२ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
जयभीम.

पाहिलंस ना? मंत्र्यांनी भर सभागृहात माझंच पत्र वाचलं. वसतिगृहाची गरज नाही, जागा काकासाहेबांच्या संस्थेला द्यावी, असं त्यात. मागून कुणीतरी हसलं. सही खोटी म्हटलं असतं तर सुटले असते. मी म्हणाले, ‘सही माझी आहे, मजकूर माझा नाही. कोऱ्या कागदावर सही केली ही चूक माझी, शिक्षा मुलींना देऊ नका.’

जागेचा निर्णय थांबलाय. पक्षात माझ्या राजीनाम्याची भाषा सुरू आहे. नवऱ्याची अब्रू घालवून काय मिळवलंस, एवढंच हे फोनवर बोलले. वीस तारखेला येते. घरी जाऊ की नको?

तुझी जयमाला

देवळाली प्रवरा,
१६ डिसेंबर २०२५

चि. जयमालास,
अनेक आशीर्वाद.

आधी माझ्याकडं ये. दार उघडं हाय.

तुला एक कधी सांगितलं न्हाई. सासरच्या गावात मी पहिली बाई सरपंच व्हते. ठरावाच्या वहीत कोऱ्या पानावर सही करून द्यायची, तुझे मामा, म्हंजी आमचे मालक, वर लिहायचे. त्यांनी आपल्या वस्तीची पाण्याची लाईन पाटलाच्या मळ्याकडं वळवली. बायका जाब विचारायला आल्या, तवा मी म्हनले, सही माझी न्हाई. त्यांनी लगेच खरं मानलं. ग्रामसेवकावर आळ आला, त्याची नोकरी गेली. बायकांनी अकरा वर्षं डोक्यावर पाणी वाह्यलं, आन माझ्या दारावरनं जाताना मला जयभीम करीत व्हत्या.

टीव्हीवर तुला बघितलं आणि माझी मलाच लई लाज वाटली. हे कळल्यावरबी लोभ राहिला, तर ठेव.

तुझी आत्या,
चांगुणा