हॉल जागचा हलला नाही

टालोवा क्रीक, क्वीन्सलंड
सोमवार, ३ जून १९९६, सायंकाळी ६.१०, बुटांची माती कुंपणाबाहेर घासून नुकताच बसलो आहे

ती. मर्टलआत्यास,
लेस्टरचा सा. न. वि. वि.

तुझ्या कमरेचे टाके निघाले हे वाचून बरे वाटले. इथली बातमी वाईट आहे. आजोबांनी बांधलेल्या आपल्या हॉलला कौन्सिलने कुलूप लावले. शेजारी गुरांचे गोचीड मारायचा हौद होता ना, त्यातले सोमलाचे विष हॉलखालच्या मातीत मुरले आहे. ती माती काढायला कौन्सिलकडे पैसे आहेत, पण जागा मोकळी हवी, म्हणजे हॉल पाडायचा. जुन्या वास्तू जपायलाही पैसे आहेत, पण त्यासाठी हॉल जागचा हलता कामा नये. कौन्सिलचे प्राइससाहेब म्हणाले, दोन्हींतले एकच मिळेल, आणि तीस जूननंतर तेही नाही. मी हॉलच्या समितीचा चिटणीस, त्यामुळे सही माझी. डेसीकाका म्हणतात, पाडायला सही केलीस तर माझ्या दारात येऊ नकोस.

सही केली तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा लेस्टर

रॉकहॅम्प्टन, ८ जून

चि. लेस्टरला मर्टलआत्याचे अनेक आशीर्वाद.

इथल्या इस्पितळातले जेवण म्हणजे ओला पुठ्ठा, आणि त्यात तुझे पत्र. अरे, तू आणि डेसी दिवसभर करता काय? लोकांची लाकडी घरे जॅकवर उचलून खाली मोटारीला जागा करता. मग आपला हॉलही खांबांवरच उभा आहे ना? लहानपणी तू पाणी प्यायलासुद्धा परवानगी मागायचास. आता मागू नकोस, उचल. तुझ्या आजोबांना टान्ना बेटावरून ऊस तोडायला आणले, तेव्हा कोणी त्यांना विचारले होते? गावाच्या हॉलात आपल्याला घेत नव्हते म्हणून त्यांनी हा बांधला. माझे लग्न तिथे झाले, माझी शवपेटीही तिथूनच निघेल. घाई नाही म्हणा.

बायकांना गायला लाव. सगळे जॅक एकदम फिरले नाहीत तर लाकूड पिळवटेल, आणि डेसीला चारानंतर पाच येतो की नाही, हे बिअरवर ठरते.

माया आहेच, वर थोडा धीरही घे.
मर्टलआत्या

टालोवा क्रीक, रविवार, २३ जून

ती. मर्टलआत्यास सा. न.

काल उचलला. प्रत्येक जॅकवर एक माणूस, ओसरीत रूथवहिनी आणि बायका चर्चचे गाणे म्हणत होत्या. ओळ संपली की सगळ्यांनी एक फेरा. दुसऱ्या कडव्याला मागचा कोपरा कडाडला आणि मी थांबा म्हणून ओरडलो. जुना खिळा सुटला होता, एवढेच. वहिनींनी सूर न सोडता माझ्याकडे असे पाहिले की मी पुन्हा जॅक धरला. मग नारळाच्या दुधातली रताळी सगळ्यांनी उभ्यानेच खाल्ली.

आता हॉल हवेत आहे आणि मंगळवारी प्राइससाहेब येणार आहेत. मला फार भीती वाटते. आठवण ठेव.
लेस्टर

टालोवा क्रीक, रविवार, १४ जुलै

ती. मर्टलआत्यास सा. न. वि. वि.

त्या मंगळवारी साहेबांनी येताच विचारले, कोणाच्या परवानगीने हॉल हलवला? डेसीकाकांनी त्यांच्या हातात टेप दिली. म्हणाले, मोजा, कुठे हलला ते दाखवा. वर गेलाय, आणि चर्चमध्ये तर वर जाणे चांगलेच मानतात. चारही कोपरे जुन्या खुणांवर बरोबर होते. मग मी सांगितले की जागा मोकळी आहे आणि हॉल जागेवर आहे, तेव्हा मी दोन्ही अर्जांवर सही करतो. साहेब हॉलच्या पोटाखालून एक फेरी मारून आले आणि शेवटी त्यांनीही सही केली. माती गेली, नवी आली, तपासणीत स्वच्छ निघाली. काल हॉल नव्या खांबांवर टेकवला, त्याच गाण्यावर, उलटे फेरे घेत.

तू चालत ये, पायरीला कठडा लावला आहे. तोवर माया पोस्टाने धाड. हिशेब खाली देतो.
तुझा लेस्टर

वास्तू जपायला कौन्सिलकडून आले: ६,००० डॉलर.
खांब ५,१४०. खिळे, रंग आणि कठडा ४१०. जेवण ९५.
शिल्लक: ३५५.
देणे: विनापरवाना हॉल उचलल्याचा कौन्सिलचा दंड, १५०. पैसे आहेत. देणार नाही.