दीड फेरा

पवनार, १४ ऑक्टोबर १९८१

चि. हरिदास यास, दादाचे अ. उ. आ.

चंद्रभानची फटफटी दोन वर्षं गोठ्यात पोत्याखाली उभी आहे. पोरगा काविळीनं गेला, तेव्हापासून कोणी तिला हात लावला नाही. तुझ्या वहिनीचे डोळे आता पार गेले. परवा रुख्मा म्हणाली, त्याचा फोटो मला काय कामाचा, गाडीचा आवाज तरी एकदा ऐकवा. दोन वर्षांत तिनं मागितलं ते एवढंच. घराबाहेर तर ती येतच नाही.

नत्थूजी मिस्त्रीच्या मते जुन्या पेट्रोलचा कार्बोरेटरात डिंक झाला आहे. गाडी वर्ध्याला न्यावी लागेल. रुख्मा परक्या हाती द्यायला तयार नाही. तू जबलपूरच्या वर्कशॉपात जन्मभर हेच केलंस, तर पत्रातून शिकव. चौतीस वर्षं पोरांकडून कविता पाठ करून घेतल्या. मला चार पुर्जे पाठ होणार नाहीत काय?

तुझ्या पत्रावर डोळे लावून,
दादा

जबलपूर, २१ ऑक्टोबर

ती. दादांस, हरिदासचे शि. सा. न. वि. वि.

दिवाळीतही रजा नाही, नाहीतर मीच आलो असतो. पेट्रोलची तोटी बंद करा, कार्बोरेटर उतरवा, पुर्जे निघतील त्याच क्रमानं थाळीत मांडा आणि रॉकेलनं धुवा. पेट्रोल सुटतं त्या जेटचं भोक केसाएवढं असतं. त्यात टाचणी घालू नका, फुंका.

पण सगळ्यात आधी एक काम. बाजूला हवेचा छोटा स्क्रू आहे, गाडीचा आवाज त्यावर ठरतो. काढण्यापूर्वी तो आत फिरवून किती फेऱ्यांत टेकतो ते मोजा आणि लिहून ठेवा. दीड फेरा हे पुस्तकातलं माप. चंद्रभान इथं आला तेव्हा मी त्याला तेच सांगितलं, तर हसून म्हणाला, काका, आपण कानानं लावतो. त्याचं माप त्या गाडीतच आहे, दुसरीकडे कुठेही नाही. ते नीट उतरवून घ्या. ओठात कविता असली की तुमची खिचडी करपते, असं वहिनी सांगायच्या, म्हणून दोनदा लिहितो. आधी मोजा.

वहिनींच्या पायांवर डोकं.
आपला, हरिदास

पवनार, १ नोव्हेंबर

चि. हरिदास यास, अ. उ. आ.

मोजलं नाही.

पत्र वाचलं होतं, समोरच होतं. पुर्ज्यांचा क्रम लक्षात राहावा म्हणून एक ओवी रचली, ‘थाळीत आधी फ्लोट, मग सुई, जेट धुताना नको रे घाई’, आणि ती गुणगुणत असताना पाहतो तर स्क्रू माझ्या तळहातावर. पोराच्या हातचं शेवटचं लिहिलेलं मी पाटीसारखं पुसून टाकलं.

मग सगळं जोडलं आणि दीड फेऱ्यावर ठेवलं. नवव्या किकला गाडी बोलली. रुख्मा दारातच बाजेवर बसून ऐकत होती. म्हणाली, छान आहे, पण ही दुसऱ्या कोणाची तरी गाडी आहे. आत निघून गेली. काय झालं ते तिला सांगायची हिंमत झाली नाही. एक मात्रा चुकली की चाल मोडते, हे जन्मभर मीच शिकवत आलो.

अपराधी,
दादा

जबलपूर, ७ नोव्हेंबर

ती. दादांस, शि. सा. न. वि. वि.

माझंच चुकलं. माप दुसरीकडे कुठेही नाही असं लिहिलं. ते वहिनींच्या कानात आहे. रोज संध्याकाळी नालवाडीच्या रस्त्यानं येणाऱ्या गाड्यांतून वहिनी चंद्रभानची तेवढी आवाजावरून ओळखायच्या. त्यांना खरं सांगा, जवळ बसवा. पाव फेरा फिरवा आणि थांबा. ठरवायचं त्यांनी, तुम्ही नाही.

हरिदास

पवनार, १५ नोव्हेंबर

चि. हरिदास यास, अ. उ. आ.

सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, मले ठाऊक होतं, तुम्ही गुणगुणत होते.

काल संध्याकाळी तिला अंगणात गाडीजवळ बसवलं. पेचकस माझ्या हातात, तिचा हात माझ्या मनगटावर. पाव फेरा बाहेर. तिनं मान हलवली. आणखी पाव; पुन्हा नाही. मग आत, अगदी थोडं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, त्यामुळे किती ते मला सांगता येणार नाही. आवाज जरासा जड झाला, मध्येच एक ठोका गिळल्यासारखा.

तिनं मनगट घट्ट धरलं.

“बस. आता हात नोका लावू.”

मग ती उठली. भिंत चाचपडत एकटीच अंगणाच्या टोकापर्यंत गेली आणि तो यायच्या वेळी उघडायची तसं फाटक उघडून उभी राहिली. पेट्रोल संपेपर्यंत मी इंजिन बंद केलं नाही, आणि तोवर तीही हलली नाही.

स्क्रू मी मोजलेला नाही. मोजणारही नाही.

आज ती सकाळपासून अंगणात बसली आहे. फाटकाची कडी मी लावलेली नाही. रजा मिळेल तेव्हा तू ये, फाटक उघडंच असेल.

तुझा,
दादा