काजळीवरची सही

ता. ३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा दमा कसा आहे? खिडकी उघडी टाकून झोपू नकोस.

बाबांचं चौकाचं चित्र माझ्या टेबलावर आलंय! संग्रहालयातली चित्रं सफाईला माझ्याकडेच येतात, पण हे येईल असं स्वप्नातही नव्हतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या धुराने पार काळवंडलंय. डावा कोपरा साफ केला, तर कारंज्याच्या कडेवर बसलेली तू निघालीस, चप्पल हातात, रुसलेली. धुतलेल्या फरशीवर मनोऱ्याची सावली अशी पडलीय की पाय उचलून ओलांडावीशी वाटते.

खाली मात्र काकांची सही! बाबांनी चित्रावर कधी नाव घातलं नाही. ते गेल्यावर चौकट बसवून आणतो म्हणून काकांनी चित्र नेलं आणि स्वतःचं म्हणून इथे दिलं. येत्या चौदा तारखेला त्यांचा सत्कार आहे. काय करू?

माझ्या भित्रेपणाने तुझा लोभ आटू देऊ नकोस.
तुझी ठमी

ता. ६ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

दमा बरा आहे, डोकं मात्र फिरलंय. मी रुसले नव्हते गं, चप्पल तुटली होती आणि तुझा बाप मला हलू देईना. तुझा हा दिवटा काका तेव्हा गच्चीवर घोरत पडला होता. पुसून टाक ती सही! बोळा फिरव आणि मोकळी हो. मला जिना उतरवत नाही, नाहीतर ओलं फडकं घेऊन मीच आले असते. सख्खा भाऊ झाला म्हणून काय डोक्यावर घेऊन नाचू?

घाबरट असलीस तरी माझीच आहेस.
तुझी आत्या

ता. १५ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सही पुसली नाही. आधी सगळं वाच, मग रागव. पुसली असती तर पुतणीने डूख धरला म्हणून मीच चोर ठरले असते. डूख धरलाच होता, पण कामात खोट नको होती.

सफाई करताना चित्राचा एक छोटा चौकोन मळका ठेवतात, आधी काय होतं याची साक्ष म्हणून. मला हे काम बाबांनीच शिकवलं. ते तो चौकोन एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायचे. मी सहीभोवती ठेवला.

काल पडदा सरकला. सगळा चौक लख्ख, खाली तेवढा काळा तुकडा आणि काजळीच्या वर काकांचं कोरं करकरीत नाव. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी सहज विचारलं, की चित्रावर इतका धूर बसल्यावर मग सही केलीत का? काका हसले, मग घाम पुसायला लागले. आमच्या साहेबांनी जवळ जाऊन भिंग लावलं. मानपत्र कुणी वाचलंच नाही.

निघताना काका माझ्यापाशी आले. म्हणाले, पोरी, तेवढं नाव पुसून टाक. हात जोडले गं त्यांनी. मी सांगितलं, की साक्षीची जागा पुसायची नसते, बाबांची शिकवण आहे.

मला वाईट वाटेल म्हणून कालपासून वाट बघतेय. अजून वाटलेलं नाही.

प्रकृती जप, आणि माझ्यावरची मायाही.
तुझी ठमी