सायली अजून बेंचवरच

बुधवार, १५ नोव्हेंबर २००६, पिनर, लंडन

आमच्या सायलीने आज हेड कोच म्हणून पहिली मॅच जिंकली. इतकी वर्षं ती कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमची असिस्टंट कोच होती. मैदानात सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडायचे, चिखलाच्या जर्सी घरी आणून धुवायच्या, आणि मॅच संपली की जिला खेळायलाच मिळालं नाही तिच्याशेजारी बेंचवर जाऊन बसायचं. महाराष्ट्र मंडळातल्या वहिनी विचारायच्या, "अजून असिस्टंटच का हो?" डोकंच फिरायचं माझं. पण मनात मीही तेच म्हणायचो ना? कधी सुटणार ही त्या बेंचवरून?

आज शेवटची शिट्टी वाजली, पोरी नाचायला लागल्या, फोटोसाठी हिच्या नावाने हाका. आणि ही कुठे? बेंचवर! एका रडवेल्या मुलीशेजारी, दोघींच्या खांद्यावर मिळून हिचा एकच कोट.

गाडीत बसल्यावर मी वैतागलोच. "अगं, आता तरी हे काम असिस्टंटवर सोड!"

"बाबा, इतकी वर्षं टीम दुसरं कोणीतरी ठरवायचं. आज तिला मी ड्रॉप केलं. मग मी नको जायला?"